कासारवाडीची थुंकी आणि जगाचं संशोधन

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.४०
कंपनीची बस आजही चुकली. माझी चूक नाही. ड्रायव्हर नाशिक फाट्यावर दोन मिनिटं थांबायला तयार नाही, त्याला मी काय करू? कुलूप नीट लागलंय का बघायला चौथ्या मजल्यावर परत जावंच लागतं. ब्रेकच्या पार्ट्सचा क्वालिटी इन्स्पेक्टर आहे मी. हलगर्जीपणा रक्तातच नाही.

आता रिक्षाने भोसरी, तिथून मिळेल त्याने चाकण. नवीन वर्षातला सातवा लेट मार्क.

संध्याकाळी
रुपालीने मोबाइलवर मेसेज पाठवला. नवरा समोर सोफ्यावर बसलेला असताना! पुण्यात ओसीडीच्या जीन्सवर संशोधन चाललंय. तोच तोच विचार छळतो, तीच तीच गोष्ट तपासावीशी वाटते, असा तो आजार. आजवरचा बहुतेक डेटा युरोपियन वंशाच्या लोकांचा, म्हणून आपल्याकडच्या लोकांच्या लाळेचे नमुने हवेत.

मी वाचेपर्यंत ती समोर उभी होती. जरा मनावर घ्या, एवढंच म्हणाली. डोळे भरलेले. या बाईला विज्ञानाची एवढी तळमळ असेल असं वाटलं नव्हतं. घेतलं मनावर.

९ फेब्रुवारी, रविवार
व्हॉलंटियर ट्रेनिंग. डॉक्टर इंद्रायणी मॅडमनी छान समजावलं. सगळे निष्कर्ष एकाच वंशाच्या लोकांवरून काढले, तर ते आपल्याला लागू पडतीलच असं नाही. डोकंच फिरलं माझं. माणसं इथली आणि मोजायचं गेज तिकडचं? आमच्या लाइनवर असा पार्ट पास झाला असता तर मेमो मिळाला असता.

१५ मार्चपर्यंत पुरेशी कुटुंबं मिळाली नाहीत तर या भागातलं काम बंद. बाकीच्यांनी लाळेचे दोन-दोन किट घेतले. मी वीस. मॅडमनी विचारलं, घरात कुणाला त्रास आहे का? म्हटलं, सुदैवाने नाही.

रुपाली बाहेर पार्किंगमध्ये थांबली होती. झालं का, म्हणाली. मी पिशवी दाखवली. वीस! घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. भारावली असणार.

१० फेब्रुवारी. सुट्टी टाकली.
काय हे राव! किटमधल्या कोऱ्या ट्यूबच्या तळाला पाणी. विसाच्या वीस. पॅकिंगला कुणी बघतं की नाही? सगळ्या रिकाम्या केल्या, गरम पाण्याने धुतल्या, सॅनिटायझरने पुसल्या, परत धुतल्या. आता कसं स्वच्छ. माहितीपत्रक वाचायचं राहिलं. ट्रेनिंगला गेलेल्या माणसाला त्याची काय गरज?

१६ फेब्रुवारी, रविवार
पहिली केस, उद्धवराव. जुन्या गावठाणातले, एकेकाळी मोठी जमीन. अंगण दिवसातून तीनदा धुतात, गाडीला कुणी हात लावला की लगेच फडकं मारतात. पक्की ओसीडी.

चहा दिला, ऐकून घेतलं. मग म्हणाले, थुक्यातनं डीएनए निघतो व्हय? म्हटलं, निघतो. मग न्हाई म्हणाले. बहिणींची हक्कसोड आत्ताच कुठं झालीया, तुमच्या मशिनीतनं उद्या कोन कुठला वारस निघायचा आन सातबाऱ्यावर चढायचा. सांगितलं, नाव गुप्त राहतं. तर जास्तच भडकले. गुप्त हाय म्हंजे काहीतरी घोळ हाय!

वर त्यांनी आळीत सगळ्यांना सावध केलं. चार घरांनी मला बघून दार लावलं. जमीन गेली कारखान्यांना, उरलेल्या गुंठ्यांसाठी हे विज्ञान अडवणार.

२२ फेब्रुवारी
आजपासून कंपनीत मोहीम. लाळ देण्याआधी अर्धा तास खाणं-पिणं बंद, तंबाखू तर नाहीच. प्रेसवरचा खंडू म्हणाला, भाऊ, अर्धा तास बिनतंबाखूचा राहिलो तर बायको पेढे वाटंल. तरी त्याने दिली. लालसर निघाली. घेतली.

दिवसाअखेर सहा नमुने. सुपरवायझरने विचारलं, लाइनवरचं चेकिंग कोण करणार? लोकांना व्हिजनच नाही.

२ मार्च
नमुने अकरा. दुपारी शंका आली, खंडूची ट्यूब खंडूचीच ना? सगळ्या उघडल्या, बघितल्या, घट्ट लावल्या. घट्ट लागल्या का बघायला परत उघडल्या. असं काम कोण करतं आजकाल?

रुपालीने आज पहिल्यांदाच आवाज चढवला. जगाची थुंकी गोळा करताय, घरात काय चाललंय ते दिसतंय का? आमची दिव्या, तिसरीतली, वॉटरबॉटलचं झाकण सात वेळा फिरवते. आठवड्यात दोनदा स्कूल व्हॅन निघून गेली. मी म्हटलं, चांगलीच सवय आहे, दप्तर भिजत नाही. रुपाली खालीच बसली. हल्ली तिला फार लवकर थकवा येतो. परीक्षा झाली की लेकीला घेऊन माहेरी जाते म्हणाली. जाऊ दे, बदल होईल.

९ मार्च
नमुने पोचवले. काही लोकांशी चांगुलपणा करूच नये.

ते पाणी नव्हतं म्हणे. लाळ टिकवायचं औषध होतं. अकराही बाद. शिवाय एकालाही ओसीडी नाही. उद्धवरावांचंही सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, अंगण धुणं हा आजार नव्हे आणि तंबाखूवाल्याला तर तुम्ही उगाच उपाशी ठेवलंत. मग विचारलं, ट्यूबा धुवायला किती वेळ लागला? म्हटलं, सहा तास. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. थोडे सोलवटलेत, एवढंच.

टार्गेट वीस, जमा शून्य. एवढी चीड आलीय की जेवण गेलं नाही.

१५ मार्च, शनिवार
मॅडमनी बोलावलं. वाटलं, दिलगिरी व्यक्त करतील. बोलायचे मुद्देही काढून नेले होते.

आत रुपाली बसलेली. शेजारी बाबा. राजगुरुनगरहून एसटीने आलेले, मला पत्ता नाही. माझे बाबा, दत्तोबा, ज्यांनी आयुष्यात सरकारी कागदावर चार माणसांना विचारल्याशिवाय अंगठाही टेकवला नाही, ते सही करून लाळ देऊन मोकळे झाले होते.

मॅडमना सांगत होते, मोटर बंद केली का बघाया मी दहा-दहा येळा मळ्यात जायाचो. ह्याची आई रडायची. मी कुनाला बोललो न्हाई, लाज वाटायची. पोराला माझ्याकडनंच आलं आसंल तर बघा. आन नातीला तेवढं ह्यातनं सोडवा.

मुद्द्यांचा कागद खिशात ठेवला. बाबांच्या तोंडून असलं काही मी बेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

मॅडमनी फॉर्म पुढे केला. वर छापलेलं, रुग्णाचं नाव. मी विचारलं, व्हॉलंटियरचा वेगळा असतो का? कुणी हसलं नाही. नाव लिहिलं. पुढचा प्रश्न: यात रोज किती वेळ जातो? मी लिहिलं, अर्धा तास.

रुपालीने पेन मागितलं. अर्धा खोडून पाच लिहिलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी हळूच मान डोलावली.

खाली सही मला करायची होती. केली.