ॲक्सलचा दुसरा तुकडा

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. पत्र लिहायचं मनात नव्हतं, पण काल संध्याकाळी हारूमिस्त्री भेटायला आला. आपली जुनी गाडी सांभाळणारा, बेहाल्याच्या गॅरेजमधला. तुमच्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला आणि जाताना दारात एक गोष्ट सांगून गेला. तेव्हापासून मला काही सुचत नाही.

मागच्या चाकाचा ॲक्सल तुटला होता, आठवतं? मी सोळा वर्षांची होते. नवा मिळेना म्हणून आपण दोघं जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. तुटलेला एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून तुम्ही पिशवीत घेतला होता. दुकानदार काहीही सांगो, जुन्या वस्तूशी ताडून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, हा तुमचा शिरस्ता. मला मात्र त्या तेलकट पिशवीसकट आपल्याला कोणी ओळखीचं बघेल याची लाज वाटत होती.

बँकेने तुमची इथे बदली केली त्याला सहा वर्षं झाली होती, तरी तुमचं बंगाली भाजीबाजाराच्या पुढे सरकलं नव्हतं. माझं शाळेत पक्कं झालेलं. मग "आमच्या दुभाषीबाई" म्हणून तुम्ही मला कौतुकाने पुढे करायचात.

तुम्ही ॲक्सलच्या टोकाचे दाते मोजले, दोनदा. आपल्या तुकड्याशी जुळले. मग म्हणालात, "नंदा, लांबीचं विचार त्यांना. आणि कुठल्या सालच्या गाडीचा आहे तेही."

म्हातारा दुकानदार म्हणाला, "एटा पुरोनो मॉडेलेर, छोटो होते पारे. बाकी टुकरोटा निये आशुन, मेपे देबो." जुन्या मॉडेलचा आहे, आखूड पडेल कदाचित, राहिलेला तुकडा घेऊन या, मापून देतो. शेजारी हातोडे चालू होते, तुम्हाला त्यातलं काही कळलं नाही.

बाबा, मैत्रिणी एस्प्लनेडला मॅटिनीसाठी थांबल्या होत्या. दुसरा तुकडा हारूच्या गॅरेजात. तो आणायचा म्हणजे बेहाल्याला जाऊन परत यायचं. मी म्हणाले, "ते म्हणतायत, हाच बसेल. घेऊन जा."

तुम्ही लगेच मान डोलावलीत.

पंधरा-वीस दिवसांनी, सियालदहच्या बाजारातून गणपतीसाठी फळं घेऊन परतताना गाडी भर रस्त्यात थांबली. इंजिन सुरू, गिअर पडतोय, पण गाडी जागची हलेना. ॲक्सल आखूडच होता. टोकाशी जेमतेम धरून होता, तिथले दाते झिजून गेले. मागे बसचे हॉर्न, लोकांच्या शिव्या, आई फळांची करंडी धरून रडकुंडीला आलेली. तुम्ही उतरून धक्का मारायला लागलात. शर्ट घामाने चिंब झाला होता. म्हणालात, "चूक माझी. लांबी मी मोजायला हवी होती."

मी तुमच्या शेजारीच गाडी ढकलत होते. तेव्हा का नाही बोलले मी?

दिवाळीच्या आधी तुम्ही गाडी विकून टाकलीत आणि ट्रामने ऑफिसला जाऊ लागलात. पुढे साधी छत्री घ्यायची तरी आईला विचारायचात. आई चेष्टेने म्हणायची, "एकदा फसले तर धसकाच घेतलाय यांनी." तुम्हीही हसायचात. मी जेवणाच्या ताटातून मान वर करत नसे.

काल हारूने सांगितलं, बसवण्याआधी तो दोन्ही तुकडे जोडून आपण आणलेल्या ॲक्सलची लांबी मापायला बसला होता. तुम्हीच त्याला थांबवलंत. "राहू दे, मुलीने विचारून घेतलंय," म्हणालात.

म्हणजे चूक कुठे झाली ते सियालदहला तुम्हाला कळलं असणार. निदान शंका तरी आली असणार. मग एका शब्दाने मला विचारलं का नाहीत? रागावला असतात तर रडून मोकळी झाले असते. तुम्ही माझी चूक झाकलीत आणि तुमचा स्वतःच्या नजरेवरचा भरवसा गेला असं सगळ्यांना समजू दिलंत. की तो खरंच गेला होता? हे आता कोणाला विचारू? फार राग येतो बाबा, माझा, आणि थोडा तुमचाही.

आई आत तुमचे शर्ट घडी करून ठेवतेय. आज तिला सगळं सांगणार आहे. ती चिडेल, चार दिवस बोलणार नाही कदाचित. हारूलाही जाऊन खरं सांगेन. तुम्ही बाजारात फसलात, असं यापुढे कोणाला म्हणू देणार नाही, हे वचन देते. तुम्ही तर फक्त माझ्यावर विश्वास ठेवला होतात.

तुमची,
नंदा