‘एक हाक’चा ॲडमिन

१५ एप्रिल
काढलं लटारूला! ‘एक हाक’ हा ग्रुप मी गावातल्या अडल्यानडल्यासाठी सुरू केला. दोनशे बारा माणसं, ॲडमिन मी. नियम एकच — जातपात आणायची नाही. आणि हा पठ्ठ्या काल भीमजयंतीच्या मिरवणुकीचे चार फोटो टाकतो! आपण सगळे एक म्हटल्यावर वेगळं काय मिरवायचं?
भागीरथा म्हणाली, “मार्कंड्याच्या महादेवाच्या जत्रेचे साठ फोटो तं तुम्हीच टाकले होते न जी?” अगं, ती संस्कृती! बायकोला फरक कळत नाही.

१६ एप्रिल
सकाळपासून लटारूचे फोन. “काऊन काढलं जी मले, गुरुजी?” चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेला. वाद नको म्हणून नंबर ब्लॉक केला. शांतता!

९ जुलै
चामोर्शीच्या बाजारातून येताना स्कूटर चिखलात घसरली. गुडघा फुटला, उठवेना. ग्रुपवर हाक दिली आणि पाऊण तास कालव्याच्या कडेला बसून राहिलो. एकसष्ट जणांनी हात जोडले. गुणवंतराव — “काळजी घ्या गुरुजी.” घेतच होतो, दुसरं घेण्यासारखं तिथे काही नव्हतं! नंतर कळलं, प्रत्येकाला वाटलं दुसरा कोणी निघाला असेल.
आला तो लटारू. ग्रुपात नसलेला एकटाच! शेतावरून सायकलनं येत होता. “बसा जी मागं, धरून बसा.” सायकल ढकलत घरापर्यंत आणलं. एप्रिलबद्दल अवाक्षर नाही.

१० जुलै
लटारूला ग्रुपात परत घेतलं. वर चार ओळी लिहिल्या — दुसऱ्याची चूक विसरून मोठ्या मनानं जवळ करणं, हीच माणुसकी. नव्वद अंगठे आले. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

११ जुलै
गुडघा ठणकतो.

२९ जुलै
काल संध्याकाळी धानाची रोवणी आटोपताना लटारूच्या बायकोला, रंभाला, साप चावला. उजव्या हाताला. साडेसातला त्यानं ग्रुपवर लिहिलं — “कोनाची गाडी हाय का?” मी टीव्हीसमोर होतो, सकाळी वाचलं. माझी चारचाकी अंगणात उभी! गुणवंतराव म्हणतात, “मले वाटलं तुमचीच गाडी गेली असन.” सगळ्यांनाच तसं वाटलं. त्रेचाळीस जणांनी हात मात्र जोडले होते.
शेवटी कुणाची तरी मोटरसायकल मिळाली, तिला मधे बसवून नेलं. फार उशिरा. जीव वाचला, हाताचं सांगता येत नाही. त्या हातावर त्यांचं घर चालतं — रोवणीत तिच्याइतकी चपळ बाई गावात दुसरी नाही.

२ ऑगस्ट
गडचिरोलीला दवाखान्यात जाऊन आलो. सफरचंदं नेली. रंभाची दोन बोटं गेली. तो पट्टी बांधलेला हात बघून मला रडू आलं आणि रागही आला. गावची पाच-सहा माणसं होती, त्यांच्यासमोरच म्हणालो, “अरे लटारू, ग्रुपवर काय लिहीत बसलास? मला एक फोन करायचा!”
तर म्हणतो, “केलो होतो न जी. तीन खेपा.”
माझ्या फोनवर एकही मिस कॉल नाही! काढून दाखवला सगळ्यांना. त्यानं मान खाली घातली. चोराच्या उलट्या बोंबा! या लोकांसाठी कितीही करा, आपण वाईटच. घरी येऊन ग्रुपवर सगळं लिहिलं, त्याचं नाव घेऊन. म्हणजे गैरसमज नको.

५ ऑगस्ट
विमा विकणाऱ्या बाईचा नंबर ब्लॉक करायला गेलो. त्या यादीत आधीपासून एक नाव होतं. लटारू. खाली अडवलेले कॉल — २८ जुलै, ७.०४. ७.०६. ७.१५.
ग्रुपवर माझ्या मेसेजला एकशे चार अंगठे झालेत. खरं काय ते दोनदा लिहिलं. पाठवलेलं नाही.