काळ्या कपड्यांचं सांत्वन

प्रिय सहधर्मचारिणीस,

सप्रेम आणि सतक्रार नमस्कार. तू दिलेल्या सहा जोड मोज्यांपैकी चार मोजे विधुर झाले आहेत. धुलाईच्या यंत्राने त्यांच्या अर्धांगिनी गिळल्या. बाकी माझं उत्तम चाललंय. आईचा गुडघा कसा आहे?

ग्रंथालयात पोथ्यांची यादी करतो. समोर फाटकी पानं सांधणारी एक मुलगी बसते. काळे कपडे, काळे ओठ, कानात सेफ्टी पिना. पहिल्याच दिवशी मी गंभीरपणे विचारलं, "घरात कोण गेलं?" आणि उत्तराची वाट न पाहता देहाच्या नश्वरतेवर पाच मिनिटं बोललोही. तिने हातातलं पान अलगद खाली ठेवलं. मग म्हणाली, "काका, सगळे धडधाकट आहेत. मला काळं आवडतं."

लोक तिला व्यसनी समजतात, भुतंखेतं पुजणारी समजतात. खोटं कशाला सांगू, मीही आठवडाभर डबा लांब सरकवून जेवलो. आता रोज पाहतो, किडकं पान उचलताना ती श्वास रोखून धरते.

काल विचारलं, "घरचे काय म्हणतात?"

"बाबांनी माझे कपडे फेकून दिले. सहा वर्षं झाली, आम्ही बोललो नाही."

निघायच्या आदल्या दिवशी मीही आपल्या लेकीचे काळे शर्ट फेकले, वळण लावतोय म्हणून. हल्ली फोन उचलून ती फक्त "आई, घे," म्हणते. तेवढं ऐकायला मी दर रविवारी फोन करतो.

मी परतल्यावर ती माझ्याशी बोलेल का, याची मला फार भीती वाटते.

तुझा,
दूरदेशीचा