थरांच्या मधलं

सोलापूर,
१४ जानेवारी २०२५

ती. चांगुणाआत्या,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखंही नाही, म्हणून लिहिते. रविवारपासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

आई गेली तरी तिने ट्रंकेवर रचलेली वाकळांची चळत तशीच होती. रविवारी बाबांनी विचारलं, की प्रयोगशाळेत माती कशाला बनवतेस, सोलापुरात कमी हाय व्हय? मला हुरूप आला. आमच्या मातीत पापुद्र्यावर पापुद्रा असतो. नीट एकावर एक बसले तर एक खनिज, प्रत्येक जरा फिरून बसला तर दुसरंच. बाबा बाजारात गेले तेव्हा, आल्यावर हे वाकळांच्या थरांवरून दाखवावं म्हणून मी त्या उतरवल्या. उतरवल्याच आहेत तर म्हणून झटकून दिवसभर उन्हातही टाकल्या. ते आले, बघितलं आणि तसेच आत निघून गेले.

मोबाइलमधल्या जुन्या फोटोत बघून मी चळत होती तश्शी रचली आहे. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. जेवणही धड नाही.

लोभ असू दे; या वेळी जरा जास्तच.
तुझी कीर्ती


श्रीपूर,
१९ जानेवारी

चि. कीर्तीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

मातीत हात घालायला लागू नये म्हणून तुला शिकवली, तर तू मातीच बनवायला बसलीस! असो.

पोरी, कुठली वाकळ वर नि कुठली खाली, याचं दादाला काही नाही. वहिनी गेल्यावर मी तिकडे राहिले होते ना, तेव्हा बघायची. सकाळी उठला की मधल्या घडीत तोंड खुपसून उभा राहायचा. एकदा विचारलं तर म्हणाला, हितं हाय की अजून ती. तू क्रम जुळवलास गं, पण वास उन्हात गेला.

आजारपणात ती पांघरायची ती वाकळ मी आठवण म्हणून मागून आणली होती. धुतलेली नाही, बोचक्यात बांधून ठेवली आहे. आमच्या प्रदीपबरोबर पाठवते. माझ्याच्यानं देववत नाही, पण दादाला ती जास्त लागेल. तू स्वतःला लई दोष देऊ नकोस. जेवत जा.

तुम्हा दोघांवर जीव असलेली,
चांगुणाआत्या


सोलापूर,
२६ जानेवारी

ती. आत्या,
सविनय जयभीम.

माती तापवली की पापुद्र्यांमधलं पाणी उडतं. बेताने तापवली तर ओलसर हवेत ते परत शिरतं. जास्त तापली तर मिटलेले पापुद्रे पुन्हा उघडत नाहीत. हे मला पाठ आहे. तरी घरात असं केलं. फार रडले, आत्या.

बोचकं पोचलं. बाबांनी ते उशाशी घेतलं आहे. गाठ सोडलेली नाही. मी काही विचारलं नव्हतं, तेच म्हणाले, की सोडलं तर हे बी जाईल.

इतक्या दिवसांत माझ्याशी बोलले ते एवढंच.

माया कमी करू नकोस.
तुझी कीर्ती