सैल माना

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून वर्कशॉपमध्ये शिस्त. अलीमियाँ चाचा एकतीस वर्षं आखातातल्या या शूटिंग क्लबची रायफलची काडतुसं भरतायत, पण झाडलेल्या पुंगळ्या अजून गंजक्या बिस्किटांच्या डब्यांत ठेवतात. पाच डबे, प्रत्येकात चाळीस पुंगळ्या आणि एक तेलकट चिठ्ठी. आज चाचा रेसिडेंट कार्डच्या कामाला गेले होते. मी पाचही डबे टंबलरमध्ये, पितळ घासून चकचकीत करणाऱ्या ड्रममध्ये, एकदम ओतले. सोन्यासारख्या झाल्या. एका नव्या प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये भरल्या. डबे आणि चिठ्ठ्या कचऱ्यात.
पुंगळ्यांच्या बुडाला कानशीचे ओरखडे आहेत, ते काही गेले नाहीत. निष्काळजीपणा, दुसरं काय.

३ नोव्हेंबर, सोमवार
चाचांनी विचारलं, डबे कुठं गेले रे बाला? सांगितलं, गंजले होते. ते बॉक्सकडे बघत राहिले. मग म्हणाले, बरं.
बहुतेक आवडलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
झाडल्यावर पुंगळीची मान फुगते. ती डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून परत अरुंद करायची, म्हणजे नवी गोळी घट्ट बसते. दोन वर्षं मी हेच करतोय. आज काही माना घट्ट, काही सैल. सैल मानेतली गोळी बोटाने दाबली की आत जाते. असं काडतूस कुणाला देता येत नाही.
कारणं लिहून काढली. एसी. दमट हवा. मान मोजायच्या कॅलिपरची बॅटरी.
बॅटरी बदलली. गोळी तशीच आत जाते.

५ नोव्हेंबर, बुधवार
डाय खोलून पुसली. आतली रिंग बदलून एक नंबर बारीक घातली. सैल होत्या त्या सैलच, घट्ट होत्या त्या आता फारच घट्ट.
जेवणाच्या सुट्टीत मॅन्युअल वाचलं. पितळ पुन्हा पुन्हा झाडलं की कडक होतं. डायमध्ये दाबलं तरी स्प्रिंगसारखं परत फुगतं. म्हणून कोणती पुंगळी किती वेळा झाडली याची नोंद ठेवायची असते. वेगळी.
वेगळ्या डब्यात, असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. पण अर्थ तोच.


६ नोव्हेंबर, गुरुवार
क्लबचे मॅनेजर शिरीष सर आले. पंधरा तारखेला मॅच, दोनशे काडतुसं कुठायत? एक काडतूस उचलून गोळी दाबून बघितली. माना सैल का? सांगणारच होतो. तोंडातून निघालं, चाचा हल्ली डोळे फार चोळतात.
हे खरं आहे. चोळतात. मी खोटं बोललो नाही.
सरांनी चाचांना लगेच सनाबिसला चष्मेवाल्याकडे पाठवलं. डोळे खराब निघाले तर चाचांवर दोष येणार नाही. एका परीने मी त्यांना वाचवलंच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सुट्टी
हमद टाउनच्या खोलीवर बसून सरांना पत्र लिहिलं. पहिला मसुदा : ‘मी पुंगळ्या एकत्र केल्या.’ फार उद्धट वाटला. दुसरा : ‘पुंगळ्या एकत्र झाल्या.’ तिसरा : ‘पुंगळ्या एकत्र असल्याचे आढळले.’ हा उत्तम. समास वाकडा गेला म्हणून चार वेळा उतरवला. रविवारी देणार. नक्की.

९ नोव्हेंबर, रविवार
चाचांचे डोळे उत्तम निघाले. चष्मेवाला म्हणाला, या वयात कमाल आहे.
सर म्हणाले, म्हणजे डोळ्यांचा दोष नाही, लक्ष नाही. दोनशे काडतुसं झाल्याशिवाय रजा मफी, मिळणार नाही.
चाचांची रजा चौदा तारखेपासून आहे. वीस तारखेला दापोलीला त्यांच्या मुलीचा, सबाचा निकाह.
पत्र खिशात होतं. सरांचा मूड ठीक नव्हता.

१० नोव्हेंबर, सोमवार
चाचा फोनवर सबाला सांगत होते, येतो गो, बापाशिवाय निकाह लागतो काय, इंशाल्ला चौदाला निघतो. फोन ठेवून मला विचारलं, चहा घेतंस? मी नको म्हटलं. तरी त्यांनी दिला. साखर बरोबर होती.
सरांच्या केबिनमध्ये गेलो. काय रे सलील, म्हणाले. मी नवी रिंग मागितली. मंजूर झाली.
उद्या काहीही झालं तरी सांगणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी चाचांनी बॉक्स टेबलावर उपडा केला. एकेक पुंगळी उचलायची, बुडावरून अंगठा फिरवायचा, बाजूला ठेवायची. बघतसुद्धा नव्हते. तासाभरात पाच ढीग.
पुंगळी जितक्या वेळा झाडली तितके ओरखडे. दर वेळी एक, ते स्वतः कानशीने मारतात. चिठ्ठ्या फक्त पाहुण्यांसाठी, म्हणाले.
सात आणि आठ ओरखड्यांच्या ऐंशी पुंगळ्यांच्या माना त्यांनी गॅसच्या ज्योतीवर फिरवून नरम केल्या. जुनी रिंग घालून मी सगळ्या दाबल्या. सर्व घट्ट.
मी विचारलं, पुंगळ्या मिसळल्यात हे तुम्हाला तीन तारखेलाच माहीत होतं? म्हणाले, बॉक्स बघितला तेव्हाच. तू सांगशील म्हणून थांबलो होतो. तिकिटाची तारीख जवळ आली तरी तू काय तोंड उघडेनास.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दोनशे तयार. सरांनी विचारलं, घोळ कुणाचा होता? चाचा म्हणाले, माझाच, डबे मिसळले, खलास. सरांनी महिन्याची रजा दहा दिवसांची केली. निकाह मिळेल. बाकी सगळं घाईत.
मी बाजूलाच उभा होतो. हातात कॅलिपर होता.
नंतर चाचांना विचारलं, असं का केलंत? म्हणाले, मला कामावरून घालवलं तर सर आठवड्यात फोन करून परत बोलावतील. तुला कोण बोलावणार आहे?
सांगितलं, मी आज बोलणारच होतो. म्हणाले, हो, हो. आता पाच डबे आण, आणि चिठ्ठ्या लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
चाचा उद्या पहाटे निघतील. ठरवलं आहे : ते परत यायच्या आत सरांना सगळं सांगायचं. तारीखही ठरवली, सोळा. मॅच झाल्यावर. सरांना मॅचआधी त्रास नको.
दुपारी सर वर्कशॉपमध्ये आले. पाच नवे डबे, पाच चिठ्ठ्या, सरळ ओळी. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, वा, हे कुणी केलं?
मी लगेच सांगितलं, मी.