ॲपमधली रोहिणी

७ जुलै
शाळेत वाचनाचं नवं ॲप आलं. पोरांनी मोबाईलसमोर धडा वाचायचा, ॲप हिरवा नाहीतर लाल शेरा देणार. आधी एक बाई वाचून दाखवते. तो आवाज ऐकला नि चहाचा कप तसाच खाली ठेवला. रोहिणी! डी.एड.ला माझ्या बाकावर बसायची. पाठ घ्यायची वेळ आली की हिची बोबडी वळायची, टाचण माझं उतरवायची. आता साताऱ्यात असते. दोन-दोन जिल्ह्यांची बाई झाली! जळले मी. इथं लिहिते, बाहेर कुणाला सांगू?

९ जुलै
अठ्ठावीस पोरं, मोबाईल एक, तोही माझा. रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली. तिथं रांग लावली. सगळ्यांना लाल. चौथीतली गौरी वर्गात सगळ्यात चांगलं वाचते, तिलाही लाल.
"बाई, म्या बरूबर वाचलं न्हवं?"
बरोबरच होतं. आमच्या शिराळ्याकडचं बोलणं ॲपला कळतच नाही. रो.चं बरं कळतं!

१० जुलै
भांडायलाच फोन केला रो.ला. ती आपली गोड. "नजू, बरं झालं बोललीस. ॲपवाल्यांना तुमच्याकडचे आवाज हवेच आहेत. पोरं बोलतात तसं रेकॉर्ड कर, वीस तारखेच्या आत पाठव. मग ॲप शिकेल."
उपकार करतेय जशी. पाठवते. असं पाठवते की बघतच राहील.

१७ जुलै
साहेब तपासणीला यायचे असले की करतो तशी तयारी. उत्तरं फळ्यावर, शुद्ध पुस्तकी भाषेत, आठवडाभर पाठांतर. 'आहे'ला 'हाय' म्हणेल तो उभा. गौरी आता अगदी रो.सारखी बोलते.

१९ जुलै
टाकीखाली दोन तास उभी. गेलं एकदाचं सगळं.

२४ जुलै
रो.चा मेसेज. "सगळं नापास. तुझी पोरं माझ्यासारखी बोलतायत गं. असं का केलंस?"
साहेबांसाठी करायची सवय, दुसरं काय. मुदत संपली. पोरांची तोंडं मीच बंद केली, आणि राग मात्र अजून तिच्यावरच येतोय.

२६ जुलै
रो.चा फोन. "एक क्लिप पास झालीय. शेवटची. तू रेकॉर्डिंग बंद करायला विसरलीस." ऐकवली.
गौरी: "बाई, ती मोबाईलमधली बाई लय हुशार हाय का वो?"
मी: "हुशार कसली गं! माझंच बघून लिवायची. तिच्याकडं रेंज हाय, आपल्याकडं न्हाई, एवढंच."
मग गौरीचं खिदळणं.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. रो. म्हणाली, "खरंच आहे ते. तुझा नि त्या पोरीचा आवाज नमुना म्हणून ॲपमध्ये ऐकवणारेत. माझ्याबद्दलचं कापू नका म्हणून मीच सांगितलंय. तेवढी तुझी परवानगी दे."
मोठेपणा तरी किती करावा माणसानं! तिथंही तीच वरचढ.

२८ जुलै
गौरीच्या आईनं सही दिली. माझीच राहिलीय. मी नाही म्हटलं तर गौरीचाही आवाज गेला, आमच्या शाळेचं दुसरं काही पास झालेलंच नाही. हो म्हटलं तर माझी जळजळ साताऱ्यापासून आष्ट्यापर्यंत प्रत्येक शाळेत वाजणार.
गौरी सकाळपासून मागं लागलीय, "बाई, आमचा आवाज घेतला का वो?"
परवानगीचा फॉर्म उघडून टाकीखाली उभी आहे. रेंज नाही म्हणावं, तर मेली आज फुल्ल आहे.