डाव्या खांद्यावरचा पदर

२५ ऑगस्ट, सोमवार

फॅशनच्या कॉलेजात शिकवायला लागून माझं हे दुसरं सत्र. सेकंड इयरला आज काम दिलं: घरातल्या अशा एका माणसासाठी कपडा शिवा, ज्याला दुकानातलं काही बसत नाही. बंगळूरच्या एक्सपोर्ट कंपनीत मी वीस वर्षं एस, एम, एल कापत आले, एका माणसासाठी कधी कापलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, पुढचं माहीतच आहे.

वर्ग सुटल्यावर टिकेश्वरी थांबली. धमतरीची पोर, हॉस्टेलला राहते. "मैडम, मेरा तो यहाँ कोई नहीं है." माझ्या तोंडून निघून गेलं, माझी आई आहे ना.

२८ ऑगस्ट

आईला सांगितलं. "मी काय पेशंट आहो काय, पोट्ट्याइले दाखवाले?"

अर्धांगाचा झटका येऊन दीड वर्ष झालं. बोलणं सुधारलं, डावा हात मात्र वर जात नाही. तेव्हापासून मॅक्सी. मॅक्सीवर घराबाहेर जायचं नाही हा तिचा कायदा, विहारात तर नाहीच. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, पांढरी साडी नेसून बावीस प्रतिज्ञा आई वाचायची, सगळे तिच्या मागून म्हणायचे. गेल्या वर्षी दुसऱ्या कोणी वाचल्या. आई त्या दिवशी जेवली नाही, पोट बिघडलं म्हणाली.

बंगळूरहून परत आल्यावर मी तिच्यासाठी शिवलेले दोन ब्लाउज कपाटात पडून आहेत. एकाला वेल्क्रो. "बीपीच्या पट्ट्यासारखं वाजते," म्हणून नापास.

४ सप्टें.

टिकेश्वरी आमच्या चौबे कॉलनीतल्या घरी आली. मी लगेच टेप काढला. तिने आधी आईशेजारी बसून चहा संपवला, मग विचारलं, "दादी, आप खुद पहनोगी, कि मैडम पहनाएगी?"

आई म्हणाली, "खुद."

मग माझ्याकडे न बघता, "रोज तू घालून देते. मले नाही आवडत. कोणाले सांगू?"

दीड वर्षात हे मी विचारलं नव्हतं. वाईट वाटलं, आणि कोणीतरी विचारलं म्हणून बरंही वाटलं. रात्री पोळ्या जरा जाडच झाल्या.

१२ सप्टें.

टि. चं म्हणणं, डावी बाजू पूर्ण उघडी ठेवू: खांदा, बाही, काखेखालची शिवण. डोकं घाला, उजवा हात घाला, डावीकडचं नंतर जुळवा. डावा हात नुसता टेबलावर ठेवायचा. मी अडून बसले. खांद्यावर टिचबटणांची रांग दिसेल, हे काही फिनिशिंग नाही, वगैरे. कंपनीतला पॅटर्न मास्तर अंगातून जात नाही.

आई ऐकून राहिली होती. म्हणाली, "काहून भांडता? पदर कोणत्या खांद्यावर घेते बाई?"

डाव्या. झाकला गेला की सगळा प्रश्न. तिघी हसलो. आई इतकी हसली की ठसका लागला.

१९ सप्टें., शुक्र.

कच्चा ब्लाउज घालून पाहिला. खांद्यावरची बटणं एका हाताने लागतात, खाली हाड आहे. काखेखाली दाबलं की बोट अंगात रुततं, बटण लागतच नाही. आईने किती वेळ प्रयत्न केला. मी हात पुढे केला तर झटकला. मग ब्लाउज काढून पलंगावर फेकला. "राहू द्या. मी येत नाही दसऱ्याले. सांगून द्या विहारात."

टि. ला गेटपर्यंत सोडायला गेले तेव्हा डोळे पुसत होती. म्हटलं, कंपनीत माझं सँपल सात-सात वेळा परत यायचं. खरंच यायचं. "दादी ने भी रिजेक्ट किया न मैडम," म्हणाली आणि नाक पुसत हसली.

२१ सप्टें.

टि. सोबत सदर बाजार. स्कूटी लावायला जागा नाही, चालत चालत तीन दुकानं. तिने काखेखालच्या शिवणीसाठी पँटचे चपटे हूक निवडले, दाबायचे नाहीत, नुसते सरकवून अडकवायचे. माझ्याही डोक्यात तेच होतं, पण बोलले नाही. तिला सापडू दिलं. हे नवीन शिकते आहे मी, या वयात.

२६ सप्टें.

सबमिशन झालं. टि. ने पांढऱ्या कॉटनला समोर खोटी हूकपट्टी लावली आहे, चारचौघींच्या ब्लाउजसारखी. सुट्टीला धमतरीला निघाली. मला तिला खूप काही सांगायचं होतं. इतकंच म्हणाले, हेमिंग स्वच्छ आहे. मग रात्री मेसेज केला, लांबलचक. कंपनीत मी कोणाला असा केला नसेल. उत्तर आलं: "दादी पहने तो फोटो भेजना मैडम."

आईने ब्लाउज उलटा करून आतल्या शिवणी पाहिल्या. उशीखाली ठेवला. घातला नाही. दसऱ्याचं विचारलं तर, "पाहू."

२ ऑक्टो., दसरा

सकाळी आईने दार लावून घेतलं. ब्लाउज घेऊन. "आत येऊ नको. निऱ्या कराले बलावतो." मी बाहेर खुर्चीवर, वही मांडीवर. दुसरं काही सुचत नाही.

आतून काहीतरी पडलं. उठले, परत बसले.

एक बटण लागलं. आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. हूक असतील.

विहारात न्यायला आलेल्या ऑटोवाल्या भैयांनी दोनदा हॉर्न वाजवला. खिडकीतून हाताने थांबा केलं. आई आली नाही तरी चालेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. चालणार नाही.

टिकेश्वरी, तू कुठे आहेस या वेळी? तुझे उपकार आहेत बाई.

आता आतून आवाज आला.

"ये आत. साडी आण. अन् हे पाह्य, माझा वाचाचा चष्मा कुठं ठेवला तू?"